दोघांची झोळी

१

युद्धनौका म्हटलं की लोकांना लगेच धूर आणि तोफा दिसायला लागतात. ‘ला तासितुर्न’च्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. लॉरियाँच्या गोदीत तिची बांधणी झाली, चव्वेचाळीस तोफा चढल्या, पुढच्या टोकाला, नाळेवर, ओठांवर बोट ठेवलेली लाकडी बाई बसली, सम्राटाच्या नावाने जयजयकार झाला. आणि मग पुढची तीन वर्षं ती धक्क्याला बांधून पडली. बंदराच्या तोंडाशी इंग्रज दबा धरून बसला होता ना! खलाशी तिला ‘घुमी’ म्हणायचे, नावाचा अर्थच तो. शेवटी १८०८च्या डिसेंबरात, एका दाट धुक्याच्या सकाळी, पोटात पिठाची पिंपं भरून घुमी निसटली. जायचं होतं मार्टिनिक बेटावर, उन्हात. पण इंग्रजाला चुकवायचं म्हणून कप्तानाने आधी तिला वायव्येला घातली, जिथे दोरांवर बर्फ धरतो त्या समुद्रात.

गिल्दास ल गोफ हा तिच्यावरचा शिडावर चढणारा खलाशी. वय तीस, गाव ब्रेतान्यातलं, बोलणं कमी. तो उजव्या पाळीतला. जहाजावर दोनच पाळ्या, उजवी आणि डावी; चार तास ही वर, चार तास ती.

आणि झोळी दोघांत एक. डेकखालच्या तुळयांना टांगलेली जाड कापडाची झोळी, आत एक घोंगडी. एक वर राबतोय तेव्हा दुसरा तिच्यात झोपलेला. एरवी दिवसा झोळ्या गुंडाळून ठेवायचा हुकूम असे, पण त्या थंडीत कप्तानाने तोही सोडून दिला होता. गिल्दासचा जोडीदार ब्रियाक, डाव्या पाळीतला, गिल्दासच्याच गावचा. सहा वर्षं, आधी दुसऱ्या जहाजावर आणि मग घुमीवर, दोघं एकाच झोळीत झोपले आणि या सहा वर्षांत दोघांची गाठ पडली ती फक्त पाळी बदलताना.

पाळी बदलायचीही रीत होती. वरून येणाऱ्याने झोळीच्या उशाकडचा दोर दोनदा ओढायचा आणि म्हणायचं, “ऊठ, पाळी तुझी.” आतल्याने पाय खाली टाकताना म्हणायचं, “घे, ऊब तुझी.” बस्स, एवढंच. एकमेकांवर चिडलेले जोडीदारसुद्धा एवढं म्हणायचेच. ओल्या कपड्यांनी, बधिर बोटांनी खाली आलेल्या माणसाला त्या झोळीत काय मिळायचं ते त्यालाच ठाऊक. कप्तानाच्या पलंगालाही ते सुख नव्हतं.

२

ब्रियाकला ताप आला तो जहाज निघाल्यावर पाचव्या दिवशी. त्याला पुढच्या बाजूला आजाऱ्यांच्या खोलीत नेलं. नऊ दिवस तो तिथे होता आणि नऊ दिवस गिल्दास गार झोळीत शिरत होता. तुळया त्याच, घोंगडी तीच, शेजारी तेवढेच घोरणारे. पण झोळी गार ती गारच. हे नीट लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे गिल्दासनेही स्वतःला याच नऊ दिवसांची आठवण परतपरत करून दिली.

दहाव्या दिवशी ब्रियाक गेला. दुपारी चारला गिल्दास शिडावरून उतरला तेव्हा डेकवर सगळे टोप्या काढून उभे होते. गेलेल्या माणसाला त्याच्याच झोळीत शिवून, पायाशी तोफेचे दोन गोळे ठेवून समुद्रात सोडायचं, ही चाल. पण झोळी दोघांची, तेव्हा मागे राहिलेल्याला आधी विचारायचं, तेही सगळ्यांसमक्ष. लेफ्टनंटने विचारलं, “ल गोफ, गोदीने आपल्याला चाळीस झोळ्या कमी दिल्यात. दुसरी मिळायची नाही. ही देतोस का याला?”

गिल्दासच्या बोटांना त्या वेळी काही कळत नव्हतं. बर्फ धरलेलं शीड आवळून तो आला होता, दात वाजत होते. ब्रियाकच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं, आणि त्याला रडूही आलं नाही.

“मला लागेल,” तो म्हणाला.

कुणी वावगं बोललं नाही. शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्या ओनोराने जुन्या शिडाचा एक फाटका तुकडा आणला आणि ब्रियाकला त्यात शिवलं. तुकडा आखूड पडला. पाय मुडपावे लागले.

३

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वारा पिसाळला होता. सकाळी आठला उजवी पाळी खाली आली तेव्हा गिल्दास चालता चालता पेंगत होता. डाव्या पाळीची माणसं टोप्या ओढत जिन्याकडे धावत होती, शिव्या देत होती. त्या गर्दीत तो आपल्या झोळीपाशी पोचला, त्याने उशाकडचा दोर दोनदा ओढला आणि तो म्हणाला,

“ऊठ, पाळी तुझी.”

म्हणाला आणि जीभ चावली. सहा वर्षांची सवय, दुसरं काय! शेजारच्या झोळीतल्या कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग चढला आणि आत शिरला.

झोळी उबदार होती.

तो तसाच पडून राहिला. घोंगडी उबदार, उशाचा खोलगट भाग उबदार, पायाकडची बाजू जरा कमी. ब्रियाकचे पाय नेहमी गारच असत. गिल्दासला काही वाटायला हवं होतं, भीती तरी. पण अंगातला बर्फ सुटत होता, डोळे मिटत होते. तो झोपला, आणि खरं सांगायचं तर महिन्याभरात झोपला नव्हता असा झोपला.

४

जागा झाल्यावर त्याने डोकं चालवलं. कुणीतरी चुकार खलाशी आपली झोळी सोडून इथे येऊन पडत असेल. किंवा खालच्या कोठारातली हवा तापत असेल. किंवा मलाच ताप चढत असेल. तिन्ही गोष्टी शक्य होत्या. त्याने कपाळाला हात लावून पाहिला. हातालाच धड काही कळेना.

दुपारी चारला त्याने मुद्दाम तीच हाक मारली. झोळी उबदार. दुसऱ्या सकाळी मारली, तेव्हाही. शेजारच्या झोळीत पाय मोडून पडलेला एक तोफची होता, दिवसभर जागाच असायचा. गिल्दासने त्याला विचारलं, “माझ्या झोळीत कोण येऊन निजतं रे?”

“तूच की,” तोफची म्हणाला. “दुसरं कोण? रोज बघतो, झोळी भरलेली असते.”

“मी वर असतो तेव्हा?”

तोफची जरा विचारात पडला. “तू वर असतोस होय?” तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

त्याच दुपारी फुलक्रां भेटला. डाव्या पाळीतला हा दक्षिणेकडचा गडी, तोंडाचा फाटका. शिडाच्या आडव्या वाशावर ब्रियाकच्या शेजारची जागा त्याची. वाशाखाली एक दोर बांधलेला असतो, त्यावर पाय देऊन सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि शीड आवळून गाठी मारायच्या.

“ए ब्रेतोन्या,” फुलक्रां म्हणाला, “तुमच्या गावची माणसं मेल्यावरही जागा सोडत नाहीत वाटतं?”

“काय झालं?”

“काही नाही रे, गंमत केली.” पण त्याच्या तोंडावर गंमत नव्हती. “ब्रियाकच्या जागी तांडेलाने कुणाला दिलंच नाहीये. एक जण कमी. आम्ही आवळत आवळत तिथपर्यंत जातो, तर त्याच्या वाट्याच्या गाठी मारलेल्या. डाव्या हाताच्या, उलट्या. मी तांडेलाला सांगितलं, तर म्हणतो, बरं झालं, काम वाचलं. आता बोल!”

ब्रियाक डावखुरा होता.

५

चौथ्या दिवशी सकाळी तो झोळीपाशी येऊन उभा राहिला आणि त्याने हाक मारली नाही.

हा सगळा मनाचा खेळ आहे, एवढं त्याला सिद्ध करायचं होतं. डावी पाळी धडधडत वर गेली. उजव्या पाळीची माणसं आपापल्या झोळ्यांत शिरली. जिन्याची झडप बंद झाली. फटींतून येणारा करडा उजेड, शेदीडशे माणसांच्या ओल्या लोकरीचा वास, तुळयांची करकर. गिल्दासची झोळी समोर टांगलेली होती.

रिकामी झोळी सैल लोंबते. ही ताणलेली होती. मधोमध खाली आलेली, दोन्ही काठ वरती मिटलेले, माणूस आत असला की मिटतात तसे. जहाज कललं की सगळ्या झोळ्या एकदम झुलत होत्या आणि हीसुद्धा त्यांच्याबरोबर, त्यांच्याइतकीच जड.

त्याने हात पुढे केला. कापडापासून चार बोटांवर हात थांबला. आतून श्वास येतोय का ते ऐकू लागला; पण एवढ्या घोरण्यात काय ऐकू येणार? काठ बाजूला करून आत बघायला एक क्षण पुरला असता. त्याने बघितलं नाही. तो मागे सरकला आणि फळ्यांवर पाठ टेकून बसला. फळ्यांतलं गार पाणी विजारीत मुरलं. तो बसून राहिला, चार तास.

दुपारी बाराला फुलक्रां खाली आला तो दोन्ही हात सोललेले घेऊन. “मेलो असतो आज!” तो ओरडत होता. “ब्रियाकच्या बाजूला पायाखालचा दोर एकदम सैल! त्याचं वजनच गेलं तिथून... म्हणजे...” तो थांबला. बाकीचे त्याच्याकडे बघत होते. “म्हणजे काय ते कळलं ना,” तो पुटपुटला.

त्या दुपारी चारला गिल्दासने दोर दोनदा ओढला. “ऊठ, पाळी तुझी,” तो म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. जरा वेळाने झोळी वर उचलल्यासारखी झाली आणि सैल पडली. तो आत शिरला. ऊब होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरी त्याने घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

६

ओनोरा मागच्या कोठारात सुया घासत बसला होता. पासष्टीचा, तुलोंचा, एका डोळ्याने अधू. गिल्दासने त्याला सगळं सांगितलं. म्हातारा हसेल अशी त्याची अपेक्षा होती.

“तू हाक मारलीस?” ओनोराने विचारलं.

“सवयीने गेली तोंडातून.”

“पहिल्यांदा सवयीने. मग?”

गिल्दास खाली बघू लागला.

“मग ऊब पाहिजे म्हणून,” ओनोराच म्हणाला. “शाबास! मेलेल्या माणसाला बर्फात राबवतोस आणि त्याच्या उबेत झोपतोस. एक फाटकी झोळी मागितली होती रे त्याने.”

“त्याने कुठे मागितली? लेफ्टनंटने मागितली.”

“तेच ते.”

“मग करू काय, बाबा? तूच सांग.”

“द्यायची.” म्हाताऱ्याने सुई उजेडात धरली. “पण तो आत असताना. हाक मारायची नाही. मी येतो शिवायला. आणि हे बघ, झोळी गेली की दुसरी नाही. फळ्यांवर झोपशील. लेफ्टनंट कातडी सोलेल ती वेगळीच. आहे तयारी?”

गिल्दासला ब्रियाकचे मुडपलेले पाय आठवत होते. आणि, आता लपवून काय उपयोग, त्याच्या मनात ती घोंगडीही होती. मार्टिनिक अजून तीन आठवडे लांब होतं.

“उद्या सकाळी,” तो म्हणाला.

सकाळी आठला डावी पाळी वर गेल्यावर दोघं झोळीपाशी आले. ओनोराने वाटेत तोफेचे दोन गोळे उचलून आणले होते. तोपर्यंत म्हातारा कशावर विश्वास ठेवत होता कोण जाणे. पोराचं दुःख आहे, शिवून टाकू, हलकं होईल, एवढंच बहुधा. गिल्दासने पायाकडचा दोर सोडला आणि झोळी खाली घेतली. फळ्यांवर टेकताना ती धप्प वाजली. ओनोराचा हात छातीशी गेला.

“आई गं, संत ॲन,” तो म्हणाला. ब्रेतोंची देवी ही, तुलोंच्या माणसाने तिचं नाव कधी घेतलं नसेल.

दोघांनी मिळून काठ जुळवायला घेतले. पायाकडून सुरुवात केली, गोळे आत सरकवले. तिथे गार होतं. सुई वर वर येऊ लागली. गिल्दास काठ धरी, ओनोरा टाका घाली. पलीकडचा तोफची उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होता.

छातीच्या उंचीवर आल्यावर गिल्दासला काठ धरावे लागेनात. ते आधीच धरलेले होते. दोन्ही काठांवर आतून बाहेर आलेली बोटं होती, चार इकडे, चार तिकडे. नखांत काळं डांबर, चिरांमध्ये मीठ. काठ घट्ट मिटून धरले होते त्यांनी.

ओनोराची सुई हवेतच राहिली. गिल्दासने त्याच्याकडे पाहिलं. त्याला ओरडावंसंही वाटलं नाही. त्याला फक्त वाटलं की हे लवकर संपावं.

“शिव,” तो म्हणाला.

ओनोराने टाका घातला. पहिलं बोट आत गेलं. दुसरा टाका, दुसरं बोट. सुईला वाट द्यावी तशी ती एकेक करून आत सरकत गेली, आणि शेवटचा टाका ओनोराने डोळे मिटूनच घातला.

तोफेच्या खिडकीपर्यंत झोळी त्यांनी ओढत नेली. खिडकी उघडताच वाऱ्याने दोघांच्या तोंडावर पाणी मारलं. कडेवर झोळी टेकली. गिल्दासचा हात उशाकडच्या दोरावर होता. सहा वर्षं त्या हाताला एकच काम माहीत होतं. हात शिवशिवला. तोंडात शब्दही आले.

“गप्प!” ओनोरा म्हणाला. “एक अक्षर नको.”

गिल्दासने ओठ आवळले. तो काही म्हणाला नाही, आणि आतूनही कुणी काही म्हटलं नाही. दोघांनी ढकललं. लाटेने आवाजसुद्धा केला नाही.

“झालं,” ओनोरा म्हणाला. म्हातारा रडत होता. “सुटला बिचारा. तूही सुटलास.”

७

लेफ्टनंटने गिल्दासची सकाळची दारू आठवडाभर बंद केली, त्यापलीकडे काही नाही. एवढ्यावरच सुटलास, असं सगळे म्हणाले. ब्रियाकच्या जागी तांडेलाने माणूस दिला. गाठी सरळ पडू लागल्या. घुमी दक्षिणेकडे वळली.

गिल्दास दोन दिवस फळ्यांवर झोपला. म्हणजे पडून राहिला. तिसऱ्या दिवशी फुलक्रांलाच दया आली. त्याचा जोडीदार तापाने पडला होता, झोळीचा अर्धा वाटा मोकळा होता.

“ये माझ्यात,” तो म्हणाला. “घोरतो, पण चावत नाही.”

दुसऱ्या सकाळी आठला गिल्दास त्याच्या झोळीपाशी आला. दोर दोनदा ओढला. “ऊठ, पाळी तुझी.”

“मेली ती पाळी,” फुलक्रां आतून कण्हला. पाय खाली टाकले, जांभई दिली. “घे बाबा, ऊब तुझी.” चेहरा झोपेने सुजला होता, केस घामाने कपाळाला चिकटले होते.

गिल्दास आत शिरला आणि लगेच उठून बसला.

“किती वेळ होतास आत?”

“चार तास. का?”

“आत्ताच उठलास ना?”

“तुझ्या डोळ्यांदेखत उठलो की! काय झालं?”

गिल्दासने घोंगडीवर हात फिरवला. उशाचा खोलगट भाग चाचपला. मग वाकून फुलक्रांच्या मानेवर, कॉलरच्या आत हात ठेवला.

“अरे, अरे! हात आहे का बर्फ!” फुलक्रां उडालाच. “बायकोला लाव असले हात!”

गिल्दास आपल्या हाताकडे बघत राहिला. मग झोळीतून उतरला आणि नाळेकडे चालू लागला, भटारखान्यात. आचारी दुपारच्या वाटाण्यांत कांदा टाकत होता. तांब्याचं मोठं भांडं चुलीवर होतं, दोन माणसांनी उचलावं एवढं, आणि आचाऱ्याचं तोंड घामाने लाल झालं होतं.

“काय रे, भूक लागली?” त्याने मान न वळवता विचारलं.

गिल्दासने दोन्ही तळवे भांड्याला लावले आणि तसेच ठेवले. वाट बघत असल्यासारखा तो उभा राहिला.

“ए! हात काढ! अरे वेड्या, हात काढ म्हणतो ना!”

आचाऱ्याने पळी टाकली आणि त्याला मनगटांना धरून मागे खेचलं. तळव्यांचं कातडं भांड्याच्या अंगावरच राहिलं. करपल्याचा वास सुटला. आचारी पाणी, पाणी करून ओरडू लागला, कुणीतरी धावत आलं.

गिल्दासने भांड्यात डोकावून पाहिलं. वाटाणे रटरटत होते. मग त्याने आचाऱ्याकडे पाहिलं.

“चूल कधी पेटवणार?” त्याने विचारलं.